फेरिदेचा अपूर्ण वर्तमानकाळ

फरीदाचाचीने आयुष्यात कुणाला ‘हे कर’ म्हणून सांगितलं नाही. समोरचा माणूस काय करतो आहे तेवढंच ती सांगायची, आणि तो माणूस निमूटपणे तसं करायला लागायचा. तुम्ही तिच्या ओट्यावर टेकलेल्या असा, ती तुमच्याकडे न बघता म्हणणार, ‘तू जाते आहेस.’ झालं. चपला घालायच्या आणि निघायचं. आणि हे सगळं तुर्कीत! कारंज्यासारख्या गावात, जिथे कापूस आणि तुरीचा भाव सोडून लोकांना बोलायला विषय नसे, तिथे ही बाई वीस-पंचवीस वर्षं तुर्की बोलून जगली. गावाने काय ते समजून घ्यावं, नाही समजलं तर गावाचं नशीब. मला तिचा राग यायचा. खरं सांगते, अजूनही येतो.

तिचं खरं नाव फेरिदे. ‘फरीदा’ म्हटलं की ती ओ द्यायची नाही. मोहल्ल्याने मात्र तिला फरीदाचाचीच करून टाकलं होतं, कारण हट्ट काय तिला एकटीलाच असतो? तिचा नवरा हबीब मिस्त्री जिनिंगमधला फिटर. सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं बसवावीत तर त्यानेच, असं त्याचं नाव होतं. म्हणून मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने त्याला तुर्कस्तानात आदना नावाच्या गावी पाठवलं. तिथेही म्हणे आपल्यासारखाच कापूस पिकतो. मिस्त्री यंत्रं बसवायला गेला आणि येताना बायको घेऊन आला. गोरीपान, उंच, हिरवट डोळ्यांची, हनुवटी वर करून चालणारी. ती टांग्यातून उतरली तेव्हा अर्धा मोहल्ला बघायला उभा होता, असं जुन्या बायका सांगत. तिची सासू आल्यागेल्या बायकांना तिच्यासमोर बसवायची आणि म्हणायची, ‘बोल वं, बोल, बाया आयकून राह्यल्या.’ ती बोलली की बाया तोंडाला पदर लावून हसत. ही हकीकत सांगून लोक मला म्हणत, ‘तिनं लय सोसलं, बाई.’ सोसलं असेल. म्हणून काय दुसऱ्याच्या लेकीला सोलून काढायचं?

मी त्या मोहल्ल्यात आले ती बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही सगळे अकोल्याचेच. मी मानोऱ्याकडच्या खेड्यातली, प्राथमिक शाळेत मास्तरीण. बौद्धाच्या एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की भल्याभल्या घरमालकांना आपल्याकडे पाहुणे येणार असल्याचं एकदम आठवायचं. शेवटी फरीदाचाचीच्या शेजारच्या घरात जागा मिळाली. दोन अंगणांच्या मध्ये छातीएवढी भिंत. तिच्यावरून पलीकडचं सगळं दिसायचं, आणि नाही बघितलं तरी ऐकू यायचंच. मिस्त्री तोवर दम्याने गेला होता. घरात चाची आणि तिचा मुलगा यूसुफ, तोही जिनमध्येच फिटर. तुर्की त्याला सगळी समजे, पण आईपुढे तो ‘हौ’ आणि ‘नई’ याच्या पलीकडे जात नसे. असला मऊ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

त्या घराचा कायदा एकच होता. उंबऱ्याच्या आत तुर्की. यूसुफच्या पहिल्या बायकोला ते जमलं नाही. तिला काहीही विचारलं की ती रडायची. एका सकाळी चाचीने तिची पेटी अंगणात आणून ठेवली, तिच्या डोक्यावरची ओढणी स्वतःच्या हाताने नीट केली आणि म्हणाली, ‘गिदियोरसुन.’ म्हणजे, तू जाऊन राह्यलीस. यूसुफने पेटी उचलली आणि बायकोला एस.टी. स्टँडवर सोडून आला. लोकांनी विचारलं, काहून बा? तर म्हणाला, ‘अम्मी को नई जमी.’ संध्याकाळी तो नेहमीसारखा जेवला.

मग शिरपूरहून नसीम आली. बाप बांगड्या विकणारा, जैन मंदिराला येणाऱ्या यात्रेकरूंवर त्याचं दुकान चालायचं. नसीमच्या मागे आणखी बहिणी लग्नाच्या होत्या. निघताना बापाने बजावलं होतं, ‘परत आली तं मागच्या पोरींले कोनी इचारनार नाई.’ हे तिने मला पहिल्याच आठवड्यात नळावर सांगितलं. सांगताना रडली वगैरे नाही, घागर विसळत सांगितलं. तिला त्या घरात टिकायचं होतं. टिकायचं तर तुर्की बोलायचं होतं. बाकी सुखदुःखाच्या गोष्टी नंतर.

शिकवणं म्हणाल तर मी स्वतः मास्तरीण आहे, छडी माझ्याही हातात असायची, उगाच साळसूदपणा कशाला करू? पण चाचीचं शिकवणं बघून माझ्याही अंगावर काटा यायचा. सकाळपासून ती अंगणातल्या बाजेवर बसायची, मांडीवर लाटणं. त्यांच्याकडचं लाटणं करंगळीएवढं बारीक आणि हातभर लांब असतं. नसीम चुलीपाशी असो, मोरीत असो, बाजेवरून सवाल यायचा, ‘ने यापियोरसुन?’ काय करून राह्यलीस? नसीमने हातातलं काम न थांबवता पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. चुकलं की ‘यान्लिश!’ म्हणजे चूक, आणि लाटणं बोटांच्या पेरांवर. बरोबर काय ते एकदाच सांगणार. दुसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती. जेवायच्या वेळी भाकरीच्या टोपलीवर झाकण, झाकणावर चाचीचा हात. मी भाकर वाढून घेते आहे, हे धड सांगता आलं तर हात निघायचा. नाही आलं तर संध्याकाळी बघू.

एका दुपारी मला राहवलं नाही. मी भिंतीवरून नसीमच्या हातात चटणी-भाकर दिली. अर्ध्या तासाने चाची स्वतः माझ्या दारात. हातात थाळी, थाळीवर भरतकामाचा पांढराशुभ्र रुमाल. रुमाल उचलला तर खाली माझीच भाकर, चटणीसकट, एक तुकडाही न मोडलेली. चाचीने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि थाळी माझ्या हातात दिली. मी तणतणले, ‘चाची, पोरगी मरंल ना उपाशी!’ तिला समजलं नसेल असं मला तेव्हा वाटलं. ती हसून म्हणाली, ‘ओरेनियोर.’ ती शिकून राह्यली, असा त्याचा अर्थ, हे मला नसीमने मागाहून सांगितलं. इतक्या सभ्यपणे माझा अपमान कुणी केला नव्हता, आणि आमच्या लोकांना अपमानाचा अनुभव काही कमी नाही.

पण पोरगी खरंच शिकत होती. एके दिवशी नळावर आली ती डोळे चमकवत. ‘बाई,’ म्हणाली, ‘तुमी शाळेत शिकवता ना, मी करत आहे, तू करत आहेस? त्याच्यावर बसवाले गेली तं काई बसे ना. म्या लय डोकं फोडलं. मंग आपलं घरचं बोलनं लावलं, तं बराबर बसलं!’ आणि ओल्या फरशीवर बोटाने तुकडे पाडून दाखवायला लागली. ‘गेल म्हंजे ये. आपन येऊन राह्यली म्हनतो ना? थे पा, गेल-इ-योर-उम. ये, मंग ऊन, मंग राह्य, मंग ली. गेलियोरुम, येऊन राह्यली. तुकड्याले तुकडा! अन काम शेवटी, आपल्यावानीच. सु गेतिरियोरुम. पानी आनून राह्यली. मी म्हना नाई तं नोका म्हनू, शेपटीवरून समजते कोन थे.’

मी घागर तशीच भरू दिली, वाहायला लागली तरी भान नाही. आमच्या पुस्तकात त्याला अपूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. पोरांनी ‘करून राह्यलो’ लिहिलं की मी तांबड्या शाईने खोडायची, गावंढळ म्हणून. आणि हे गावंढळ म्हणे थेट तुर्कस्तानापर्यंत चालतं! त्या दिवसापासून मलाही नाद लागला. नळावर ती मला सांगायची, रात्री मी भिंतीपलीकडचं कान लावून ऐकायची. शेपट्या पाठ केल्या. मी असेल तर उम, तू असेल तर सुन, आम्ही असू तर उझ. तिसरा कुणी असेल तर शेपटी नाहीच. आणि धातूच्या पोटात जो स्वर असेल तो पुढच्या स्वराला आपल्या वळणावर आणतो, म्हणून येण्याचं गेलियोर, पण मारण्याचं वुरुयोर. प्रश्न करायचा तर मागे ‘मु’ लावायचा, आपण ‘का’ लावतो तसा. 

‘अन बाई, एक गंमत,’ नसीम म्हणाली, ‘त्यायच्यात तो बी ओ अन ती बी ओ. बाई-मानूस एकच.’

‘चांगलं आहे की वं.’

‘कायचं चांगलं? मार तं बाईच खाते.’

आणि खो खो हसली. तिला हसायला कारण लागत नसे.

नकार ती कशी शिकली ते सांगते. शिरपूरहून निरोप आला होता की तिची आजी गेली. जायची परवानगी मिळणार नव्हतीच. ती कणीक मळता मळता रडत होती. बाजेवरून सवाल आला, काय करून राह्यलीस? बिचारीने खरं ते सांगितलं, ‘आलियोरुम.’ रडून राह्यली. चाची शांतपणे म्हणाली, ‘हायिर. आलामियोरसुन.’ नाही, तू नाही रडून राह्यलीस. आणि लाटणं उचलून वाट बघत राहिली. थोड्या वेळाने नसीमचा आवाज आला, ‘आलामियोरुम.’ मी नाही रडून राह्यली. ‘आफेरिन,’ चाची म्हणाली. शाबास. बघा, कशी सोपी रीत! मी भिंतीच्या अलीकडे डाळ निवडत होते, माझ्या हातातलं सूप खाली ठेवलं गेलं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली. नसीमला हिवताप आला होता, दात वाजत होते. यूसुफ जिनवर. चाची तिच्या अंथरुणाशी जाऊन उभी राहिली. सवाल तोच. ‘यातियोरुम,’ नसीम म्हणाली, झोपून राह्यली. ‘हायिर. काल्कियोरसुन.’ नाही, तू उठून राह्यलीस. मी भिंतीवरून ओरडले, ‘ओ चाची, अंगार झाली ना पोरगी तापानं! लाज नाही का तुमाले?’ चाचीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि नसीम उठली. भिंतीला धरून उठली, चुलीपाशी गेली, आणि फुंकणीने विस्तव फुलवत मोठ्याने सांगत राहिली, मी चूल पेटवून राह्यली, मी आधण ठेवून राह्यली. एकही चूक नाही. तिला त्या तापातही चूक परवडणार नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, चाचीत चांगलं काहीच नव्हतं का? होतं. ते जास्त वाईट होतं. वर्षभरात नसीम पाण्यासारखी बोलायला लागली. बाजारात काय पाहिलं, कोण काय म्हणालं, सगळं तुर्कीत. मग संध्याकाळी चाची तिला शेजारी बसवायची, दोघींचा काळा चहा, साखर चहात न टाकता खडा दातांत धरून प्यायचा. चांगलं वाक्य जमलं की चाची आपल्या बोटांनी खडा नसीमच्या तोंडात घालायची. दोघी हसायच्या. चाचीचं हसणं इतकं गोड होतं की ऐकवत नसे. आणि दुसऱ्या दिवशी एखादी शेपटी चुकली की पुन्हा लाटणं. नसीमची पेरं सुपाऱ्यांसारखी सुजलेली असत. तरी ती मला म्हणाली होती, ‘बाई, तिच्यासंगं बोलतानी मी दुसरीच होते वं. शिरपूरची नसीम तं कोनालेच आवडत नोती. हे दुसरी आवडते तिले.’ मी म्हटलं, ‘खुळी हायेस.’ ती म्हणाली, ‘असन.’

असं चाललेलं असताना चाचीला तार आली. मुंबईहून तिचा धाकटा भाऊ सादिक येतो आहे. इतक्या वर्षांत माहेरचं कुत्रंही फिरकलं नव्हतं, कारण परदेशी मिस्त्रीशी लग्न केलं म्हणून बापाने नाव टाकलं होतं. चाचीने तारेत आणखी काय आहे ते कुणाला सांगितलं नाही. घराला चुना मारून घेतला. गाद्या उसवून पिंजून घेतल्या. नसीमला एवढंच म्हणाली, ‘मिसाफिर गेलियोर. सेन कोनुशुयोरसुन.’ पाहुणा येऊन राह्यला, तू बोलून राह्यलीस. आणि आठवडाभर वाक्यं घोटून घेतली. आम्ही सुखात राहतो आहोत. सासू मला शिकवते आहे. मी तुमची भाषा बोलते आहे. 

सादिक मुर्तिजापूरच्या छोट्या गाडीने आला. पन्नाशीचा, मिशाळ, कोट घातलेला, हातात मिठाईचा डबा. बहिणीला पाहून तो दारातच रडायला लागला. चाची रडली नाही. म्हणाली, ‘गेच गेलियोरसुन.’ उशिरा येऊन राह्यलास. मग त्याचा कोट आपल्या हाताने काढून खुंटीला लावला.

संध्याकाळी अंगणात मोहल्ला जमला. मलाही बोलावणं होतं, म्हणजे चाचीने भिंतीवरून मला सांगितलं, ‘तू येते आहेस.’ बाजेवर भाऊ-बहीण, खाली सतरंजीवर आम्ही, दाराशी यूसुफ. नसीम नव्या ओढणीत, हातात बापाच्या दुकानातल्या हिरव्या बांगड्या. तिने चहाचा ट्रे आणला, पाहुण्यापुढे वाकली आणि घोटलेली वाक्यं म्हणाली. एकसुद्धा शेपटी चुकली नाही. सादिकचे डोळे पुन्हा भरले. चाचीची हनुवटी इतकी वर गेली की मला वाटलं, आता मागे पडेल.

कप घेताना त्याची नजर नसीमच्या बोटांवर गेली. त्याने कप तसाच ठेवला, तिचा हात अलगद धरला आणि हळू विचारलं, पोरी, हे काय होऊन राह्यलंय?

त्या घरात आल्यापासून असं कुणी विचारलं नव्हतं. मी विचारत होते, पण मी पडले शेजारीण. नसीमने एकदा चाचीकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे. आणि सांगायला लागली. ‘एलिमे वुरुयोर.’ हातावर मारून राह्यली. ‘बाना येमेक वेर्मियोर.’ मले जेवाले नाही देऊन राह्यली. मी तापाने फणफणत असते, मला उठवून राह्यली. माझी आजी मरते, मला रडू नाही देऊन राह्यली. सरळ, ठणठणीत आवाजात, पाठ केल्यासारखं. डोळ्यांत टिपूस नाही.

आणि मोहल्ला काय करत होता? मोहल्ला खूष! बाजूचे म्हातारेबुवा मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘वा वा! क्या फर्राटे से बोल रई बेटी!’ बायकांनी कौतुकाने मान हलवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फक्त यूसुफ उठला आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन विडी पेटवून बसला. त्याला सगळं समजलं होतं, आणि समजून त्याने एवढंच केलं.

सादिकने बहिणीला विचारलं, खरं आहे? चाची म्हणाली, ‘मी शिकवून राह्यली.’ तिच्या आवाजात लाज नव्हती. मला वाटतं तिला खरोखरच त्यात लाजण्यासारखं काही दिसत नव्हतं. मग तो बराच वेळ खालच्या आवाजात बोलत राहिला. मला दहातले दोन शब्द लागले असतील. शेवटचे तेवढे स्वच्छ ऐकू आले, ‘ओल्मुयोर, आब्ला.’ नाही जमून राह्यलं, ताई. चाची दगडासारखी बसली होती. पण माझं लक्ष नसीमकडे गेलं. तिच्या हातातला ट्रे लटपटायला लागला होता, कपबशा वाजत होत्या, आणि लोक म्हणत होते, ‘धरा वं तिले, दमली पोरगी.’

सकाळच्या गाडीने सादिक गेला. चाची दारापर्यंतही आली नाही.

तो गेल्यावर नसीमने आपली पेटी स्वतःच भरली आणि अंगणात आणून ठेवली. ओढणी डोक्यावर घेतली आणि बाजेसमोर उभी राहिली. मी भिंतीशी होते, म्हटलं आता ‘गिदियोरसुन’ येणार. नसीमनेच विचारलं, ‘गिदियोर मुयुम?’ मी जाऊन राह्यली का?

चाचीने मान वर केली. आणि चक्क वऱ्हाडीत म्हणाली, ‘कुठं जातं वं? ठेव थे पेटी घरात. आता तू बी इथंच अन मी बी इथंच.’

बाप्पा! माझा हात भिंतीवरच राहिला. तोंडात कुठे अडखळणं नाही, कुठे परकेपणा नाही. शिरपूर-मानोऱ्याची म्हातारी बोलेल तसं. म्हणजे हिला पहिल्यापासून सगळं समजत होतं. मी भिंतीवरून जे काही ओरडले होते ते सगळं.

दोन दिवसांनी नसीम नळावर आली. घागर लावली. मग म्हणाली, ‘बाई, थो तिले न्यायले आला होता.’

‘कुणाला?’

‘बुढीले. कायमची. कागदं करून आनले होते तिचे. आदनाले खोली सजवून ठेवली होती. तिले तारेतच समजलं होतं, तिनं आपल्याले सांगतलं नाई. येत्या जुम्म्याले निंगनार होते. मंग म्या बोलली. थो म्हने, माह्या घरी तीन सुना हायेत, त्यायच्यात तुले कशी नेऊ? ओल्मुयोर म्हने.’

‘म्या तोंड उघडलं नसतं तं गेली असती वं, बाई. घर माहं झालं असतं. तिनं जे घोटून घेतलं तेवढंच मी म्हनून उठली असती तरी बुढी गेली असती.’

मी म्हटलं, ‘तुला कुठं माहीत होतं, पोरी?’

‘माहीत नोतं,’ ती म्हणाली. ‘पन समजलं तं मलेच ना? साऱ्या अंगनात लोकं टाळ्या वाजवून राह्यले अन समजलं कोनाले, तं मले एकटीले. तिनंच शिकवलं होतं ना!’ घागर भरून वाहत होती. तिने ती उचलली आणि गेली. त्या दिवशी ती हसली नाही. मला देव मानायचा नाही असं शिकवलेलं आहे, नाही तर मी त्या दिवशी कुणाला तरी शिव्या घातल्या असत्या.

त्यानंतर चाचीने लाटणं उचलल्याचं मी पाहिलं नाही. भाकरीच्या टोपलीवर हात ठेवला नाही. तो प्रश्नही विचारला नाही. मोहल्ल्याला वाटलं, भाऊ येऊन गेला आणि म्हातारी सुधारली. आता ती भाजीवाल्याशी घासाघीस करायची, शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, आणि सुनेला दिवसभर, ‘ए, पानी आन. ए, झाडून घे. दिसत नाई का, डोये फुटले का?’ सगळीकडच्या सासवा करतात तसंच. लोक कौतुकाने म्हणायचे, ‘आता चाची आपल्यातली झाली.’ तुर्कीचा मात्र एक शब्द नाही. जणू ती भाषा तिने सादिकच्या कोटाबरोबर परत पाठवली होती. संध्याकाळी काळा चहा व्हायचा, पण चाची एकटी प्यायची आणि साखरेचा खडा स्वतःच्याच दातांत धरायची.

पुढच्या वर्षी माझी बदली मंगरूळपीरकडे झाली. जायच्या सकाळी निरोप घ्यायला गेले. थंडीचे दिवस, चाची अंगणात उन्हाला बसली होती. केसांना ताजी मेंदी, हनुवटी तशीच वर. मला म्हणाली, ‘चालली का, मास्तरीनबाई? बस, चहा पी.’ मी बाजेच्या कडेला टेकले. आतून नसीम आली. एका कडेवर पोरगी, चार-सहा महिन्यांची, दुसऱ्या हातात कप. ती सासूसमोर येऊन थांबली. आणि फार हळू, एखादी जपून ठेवलेली वस्तू काढावी तसं म्हणाली, ‘आन्ने, चाय गेतिरियोरुम.’ आई, चहा आणून राह्यली. तिच्या तोंडावर जी आशा होती ती मला बघवेना, मी पोरीकडे बघायला लागले.

चाचीने तिच्याकडे शांतपणे पाहिलं.

‘मानसावानी बोल वं,’ ती म्हणाली.

नसीम कप धरून तशीच उभी राहिली. कपातून वाफ निघत होती. मग तिने पोरगी कडेवर नीट सावरली आणि म्हणाली, ‘चहा आनला, अम्मी.’ तेव्हा कुठे चाचीने हात पुढे केला.